काकांनी मासा टाकला, मग ब्रुनो गप्प कसा बसेल?

प्रश्न : आमचा ब्रुनो सव्वा वर्षाचा लॅब्रेडॉर आहे. घरी शहाणा, बस म्हटलं की बसतो, पंजा देतो. मी लोट्याला नोकरी करतो. रविवारी मी आणि काका गोवळकोटच्या बाजूला खाडीवर गरवायला जातो. गेले तीन महिने ब्रुनोलाही नेतो, आणि तिथे गेलं की त्याच्या अंगात येतं. रॉड मागे घेतला की धावत सुटतो, गळ पडतो तिथे उडी मारायला बघतो, रीळ वाजलं की भुंकून खाडी डोक्यावर घेतो. मासा वर आला की माझ्याआधी तो पोचलेला असतो. बांधला तर रडतो, दोर चावतो. काका म्हणतात, दोन फटके दे, सरळ होईल. एरवी तेच त्याला बारके मासे टाकतात, तेवढ्यापुरता गप्प बसतो म्हणून. शेजारचे गरवणारे आता आम्हाला बघितलं की सामान उचलून पुढे जातात. त्याला घरी ठेवून जायला जीव होत नाही. पुढे होडीतूनही न्यायचं मनात आहे. काय करावं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पत्रातलं एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात आणि मी तिथेच थांबले. काका त्याला बारके मासे टाकतात, 'तेवढ्यापुरता गप्प बसतो म्हणून'. आता हेच ब्रुनोच्या बाजूने बघा. तो भुंकला, त्याने दोर ताणला, थयथयाट केला आणि समोर बोय येऊन पडली. पुढच्या रविवारी तो काय करणार? तेच, जरा जास्त जोरात. काकांना वाटतं आपण त्याला गप्प केलं, ब्रुनोला वाटतं आपण काकांना कामाला लावलं. दोघंही आपापल्या जागी खूश आहेत. म्हणून तर ही खोड तीन महिन्यांत जायच्या ऐवजी मुरली.

त्यात काका दर वेळी मासा टाकत असतील असं नाही. कधी टाकतात, कधी हाड् करतात. हे रोज टाकण्यापेक्षा वाईट. नेमाने मिळणारी गोष्ट बंद झाली तर कुत्रा दोन-चार वेळा बघतो आणि नाद सोडतो. कधीमधी मिळणारी गोष्ट मात्र तो सहजी सोडत नाही, लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस सोडत नाही तसाच. तेव्हा काठावर मासा देणं बंद, आजपासून आणि पूर्ण. बंद केल्यावर आधी काही दिवस ब्रुनो जास्त भुंकेल, हे काकांना आधीच सांगून ठेवा. आजवर चाललेला उपाय का चालत नाही, हे तो जोर लावून बघणार. नेमक्या त्याच वेळी कोणाचं मन द्रवलं आणि एक मासा गेला, तर एवढा गोंधळ घातला की मिळतं, हे नवीन शिक्षण झालं.

आता त्याच्या 'अंगात येण्या'बद्दल. घरी अंगणात तुम्ही त्याला चेंडू टाकत असणार, लॅब पाळून चेंडू न टाकणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. तुमचा हात मागे जातो, पुढे झटका बसतो, काहीतरी हवेतून जाऊन लांब पडतं आणि ब्रुनोने ते आणायचं असतं. आणलं की शाबासकी. खाडीवर तुम्ही रॉड मागे घेता, पुढे झटका देता, शिसं हवेतून जातं आणि पाण्यात धप्पकन पडतं. त्याने काय समजावं? तो बिचारा शिकवलेलं काम करायला धावतोय आणि तुम्ही 'नको, नको' म्हणून ओरडताय.

शिवाय हे काम त्याच्या रक्तात आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कॉड पकडणाऱ्या कोळ्यांकडे पाण्यात काम करणारी काळी कुत्री असत. गळावरून निसटलेला मासा तोंडात धरून आणायचा, जाळ्याचा दोर काठावर ओढून आणायचा, ही त्यांची रोजची चाकरी. एकोणिसाव्या शतकात ती बोटींतून इंग्लंडला गेली आणि त्यांच्यापासून आजचा लॅब्रेडॉर तयार झाला. तिथल्या केनेल क्लबने १९०३ साली त्याला वेगळी जात म्हणून मान्यता दिली. म्हणजे निसटत्या माशावर झडप घालण्यासाठीच ज्याचे पूर्वज पाळले गेले, त्याला तुम्ही माशांपासून पाच फुटांवर बसवून 'हलू नको' म्हणताय. हे जमतं, पण शिकवावं लागतं, आणि खाडीवर तर अजिबात शिकवता येत नाही.

तुमची खरी अडचण तिथेच आहे. एक हात रॉडवर, नजर तंगुसावर, म्हणजे गळाच्या दोरीवर, आणि तोंडाने 'ब्रुनो बस, बस म्हटलं ना, अरे बस की'. पंधरा वेळा बस म्हटल्यावर सोळाव्या वेळी ओढ लागते आणि कुत्रा राहतो बाजूला. तुमचा 'बस' तिथे कवडीमोलाचा होतो, आणि मग तो घरीही उतरायला लागतो. म्हणून माझं मुख्य सांगणं एवढंच : ब्रुनोला शिकवायचा दिवस वेगळा आणि मासे धरायचा दिवस वेगळा. शिकवायला जाल तेव्हा गळ घरी. गरवायला जाल तेव्हा, निदान पुढचे दोन-तीन महिने, ब्रुनो घरी.

जीव होत नाही म्हणता. रविवारी सकाळी त्याला पोटभर फिरवून आणा, नाश्ता द्या, चघळायला काहीतरी द्या आणि जा. भरल्या पोटी दमलेला कुत्रा चार तास झोपतो. खाडीवर दोर चावत रडणाऱ्या ब्रुनोपेक्षा घरी पंख्याखाली पसरलेला ब्रुनो सुखी आहे, यात मला काही शंका नाही.

शिकवायचं काय, तर काहीही न करता पडून राहणं. ऐकायला सोपं वाटतं. आपण कुत्र्याला बस, पंजा दे, आण, उडी मार असं सगळं करायला शिकवतो, नुसतं राहायला शिकवत नाही. त्यासाठी एक गोणपाट घ्या. सतरंजीचा तुकडाही चालेल, पण गोणपाट खाडीवर न्यायला बरं, भिजलं-मळलं तरी हळहळ नाही. ते फक्त या कामापुरतं काढायचं, एरवी घडी करून कपाटावर. संध्याकाळी जेवणाआधी हॉलमध्ये पसरा आणि गप्प बसा. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. ब्रुनो हुंगायला येईल. पाऊल गोणपाटावर पडलं की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा गोणपाटावर टाका. तिथेच राहिला की आणखी एक. बसला की आणखी एक. आडवा झाला की त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मधोमध, जमिनीलगत, एकेक करून दोन-तीन.

तुकडा हाताने भरवू नका, खाली टाका. यात मोठा फरक आहे. हातातून मिळतंय म्हटल्यावर कुत्रा तुमच्या हाताकडे डोळे लावून ताठ बसतो, आणि ते बसणं म्हणजे धावायची तयारी. गोणपाटावर पडतंय म्हटल्यावर मान खाली जाते, नाक खाली जातं आणि हळूहळू सगळा कुत्रा खाली जातो.

मग बारकाईने बघायला शिका. पुढचे पाय समोर, मागचे दोन्ही पाय पोटाखाली दुमडलेले, कान उभे, तोंड मिटलेलं : हा पडलाय खरा, पण बाणासारखा सुटेल. थोड्या वेळाने तो कंबर एका बाजूला टाकतो, मागचे दोन्ही पाय एकाच बाजूला येतात. मग हनुवटी जमिनीला लागते. मग एक लांब श्वास सोडतो, नाकातून, आपल्याला ऐकू येईल असा. त्या श्वासाला तुकडा द्या, हळूच, कौतुकाचा आरडाओरडा न करता. तुम्हाला हवा असलेला ब्रुनो तोच. याउलट तो वारंवार जांभया देत असेल, ओठ चाटत असेल, कुंई कुंई करत असेल तर त्याला जड जातंय. तिथेच थांबा.

एका वेळी पाच मिनिटं पुरे, दिवसातून दोनदा. तो कंटाळून उठायच्या आत आपणच 'चल' म्हणून उठवायचं आणि गोणपाट गुंडाळायचं. उठण्याचा शब्द एकच ठेवा आणि तो घरात सगळ्यांना सांगा, काकांना तर नक्कीच. तुकड्यांचा हिशेब रात्रीच्या जेवणातून वळता करा. लॅबला खायला दिलेलं कधीच पुरत नाही आणि चरबी मात्र लगेच चढते.

हे अंगवळणी पडलं की अडथळे आणायचे. तुम्ही उठून उभे राहा, दार उघडा, बेल वाजवा. त्यानंतर रॉड. आधी नुसता कोपऱ्यात उभा. मग तुमच्या हातात. मग रीळाचा आवाज, आणि हा आवाज सांभाळून आणायचा. दुसऱ्या खोलीत कोणाला तरी बसवून ड्रॅगमधून, म्हणजे रीळाच्या ब्रेकमधून, हाताने तंगूस हळूच ओढायला सांगा. किर्र झालं की तुकडा, पुन्हा किर्र झालं की तुकडा. आवाज आधी, खाऊ मागून, हा क्रम उलटा करू नका. चार-सहा दिवसांनी रीळ वाजलं की ब्रुनो दाराकडे धावायच्या ऐवजी गोणपाटाकडे वळून तुमच्याकडे बघायला लागला, तर समजा अर्धी लढाई झाली. मध्येच भुंकला तर रागावू नका. आवाज मोठा झाला किंवा फार जवळ आला, एवढाच त्याचा अर्थ. एक पायरी मागे या. मग अंगणात, गळ न लावता नुसतं शिसं बांधून फेकून बघा. आणि कृपा करून या काळात चेंडू फेकायचा खेळ बंद ठेवा. खेळायचंच असेल तर चेंडू लपवून नाकाने शोधायला लावा. त्याने कुत्रा दमतोही आणि डोकंही थंड राहतं.

माशाचा धडा स्वयंपाकघरात. बाजारातून आणलेला बांगडा ताटलीत ठेवा, ब्रुनोला पट्टा लावून चार पावलं लांब उभं करा आणि गप्प राहा. तो ताणेल, बघेल, कुरकुरेल. तुम्ही खांबासारखे. कधीतरी तो वळून तुमच्या तोंडाकडे बघेल, की हा माणूस काही करतोय की नाही. त्याच क्षणी 'शाब्बास' आणि दुसऱ्या हातातला चिकनचा तुकडा. बांगडा त्याला नाही, कधीच नाही. मासा दिसला की मालकाकडे बघायचं, ही सवय लागली की मासा वर आल्यावर तुमच्याआधी तिथे पोचायचं कारणच उरत नाही. आणि काकांना त्याला मासा खिलवायची हौस असेल तर ती घरी भागवावी. शिजवून, काटे काढून, त्याच्या ताटलीत, खाडीवरून आल्यावर तासाभराने.

दाभोळ-धोपावे फेरीच्या धक्क्यावर कधी गेलात तर तिथली गावठी कुत्री बघा. माशांच्या टोपल्या समोर, तरी मस्त सावलीत पसरलेली असतात. त्यांना कोणी शिकवलेलं नाही. नासकं-कुचकं फेकलं जातं ते निवडानिवड झाल्यावर, त्याआधी मध्ये गेलं तर वहाण बसते, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. भुंकल्याबद्दल त्यांना कोणी बोय टाकलेली नाही, बाकी काही नाही.

वहाणेवरून काकांचे दोन फटके आठवले. वडीलधाऱ्यांना तोंडावर 'तुमचं चुकतंय' म्हणणं आपल्याकडे अवघड, म्हणून हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. काका, रीळ वाजलं, ब्रुनो भुंकला आणि पाठीत बसला, यातलं नेमकं कशामुळे बसला हे त्याला कळेलच असं नाही. रीळ वाजलं की मार बसतो असंही तो धरून बसेल. मग रीळ वाजलं की थरथरणारा किंवा पळ काढणारा कुत्रा मिळेल. त्याहून वाईट म्हणजे हातात काठी घेतलेला माणूस बघून तो गुरगुरायला लागेल, आणि खाडीवर प्रत्येकाच्या हातात काठीच असते. एवढ्या माणसांत तीस किलोचा कुत्रा गुरगुरणं कोणाला परवडेल?

घरचा अभ्यास पक्का झाला की मग खाडी. पहिल्या काही फेऱ्यांना रॉड न्यायचाच नाही. आधी अर्धा तास चालवून आणा, शी-शू होऊ द्या, मग गरवणाऱ्यांपासून भरपूर लांब, जिथून माणसं दिसतात पण रीळ ऐकू येत नाही, अशा ठिकाणी गोणपाट पसरा. दहा-पंधरा मिनिटं बसा आणि घरी या. पुढच्या वेळी थोडं जवळ. मग काकांना गळ टाकू द्या आणि तुम्ही फक्त कुत्रा सांभाळा. काका तिकडे गरवतात, तुम्ही इकडे तुकडे टाकताय, आणि मासा लागला तरी उठून बघायला जायचं नाही. हे तुम्हाला ब्रुनोपेक्षा जड जाईल. पण हीच पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि लोक नेमकी हीच गाळतात. ती पार पडली की मग तुमचा रॉड बाहेर काढा, तोही पहिल्या दिवशी तासभरच.

बांधताना गळपट्ट्याला बांधू नका, अंगातला हार्नेस घाला, झटका मानेवर येत नाही. दोर पाच-सहा फुटांचा पुरे. जागा तुमच्या मागे नको, कारण रॉड मागे जातो तेव्हा गळ तिथूनच फिरतो. ज्या हाताने फेकता त्याच्या उलट बाजूला, जरा मागे, झाडाला किंवा पक्क्या खुंटीला. खुर्चीला आणि माशांच्या बादलीला बांधलेला कुत्रा खुर्ची आणि बादलीसकट पाण्यात जातो.

आता शिस्तीचं सोडून जिवाचं सांगते. तुमची खाडी वाशिष्ठी नदीची, आणि वाशिष्ठीत मगरी आहेत, हे चिपळूणकराला मी सांगायला नको. पावसात त्या रस्त्यावर आलेल्याही लोकांनी बघितल्यात. तरी तुमच्या पत्रात 'गळ पडतो तिथे उडी मारायला बघतो' हे वाक्य आहे आणि मगरीचा शब्दही नाही, म्हणून लिहावंच लागतं. मगर काठालगत पाण्याखाली दबून राहते, वर असतात फक्त डोळे आणि नाकपुड्या, आणि गढूळ पाण्यात तेही दिसत नाहीत. काठावर पाणी प्यायला वाकलेला कुत्रा हे तिचं नेहमीचं भक्ष्य. ब्रुनोला त्या पट्ट्यात पोहायला सोडू नका, पाण्यात काही फेकून आणायला लावू नका, पाण्यापासून चांगला लांब बांधा. मासे साफ करून आतडी तिथेच काठावर टाकायची सवय असेल तर तीही सोडा. प्यायचं पाणी घरून न्या. खाडीचं खारं पाणी पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात, जास्त गेलं तर जिवावर बेततं.

भरती-सुकतीचं गणित तुम्ही मांडतच असाल, फक्त त्यात ब्रुनोला धरा. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा बरंच वर चढतं. सुकतीला बांधलेली कोरडी जागा दोन तासांत पाण्यात जाऊ शकते. सुरुवातीच्या फेऱ्या अष्टमीच्या आसपास, भांगाच्या पाण्याला, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा ठेवा. कातळावरच्या कालवांनी पंजे कापतात, घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या बघा. लॅबला ऊन सोसत नाही, नऊनंतर सावली नसेल तर गाशा गुंडाळा. धाप थांबेना, चाल डगमगली, हिरड्या लालभडक झाल्या तर सगळं अंग पाण्याने भिजवत, वारा घालत डॉक्टरकडे. रेबीजची लस चालू असेलच, लेप्टोस्पायरोसिसचीही घेतली आहे का ते विचारा. आपल्या भागात उंदीर, चिखल आणि साचलेलं पाणी भरपूर.

माशांपैकी तीन नावं काकांनी लक्षात ठेवावीत. शिंगाळ्याच्या परांत विषारी दातेरी काटे असतात, 'बारका आहे' म्हणून तो कुत्र्यापुढे टाकला तर काटा टाळूत रुततो. पाकटाच्या शेपटीतला काटा तसाच. आणि केंड. गळाला लागला की फुगतो, म्हणून पोरांना गंमत वाटते आणि तो काठावर मरायला सोडून दिला जातो. त्याच्यातलं विष श्वास बंद पाडतं, शिजवूनही जात नाही आणि त्यावर उतारा नाही. ब्रुनोने वाळलेला केंड जरी चावला तरी वाट न बघता गाडी काढा. गळाला लागलेला केंड लगेच पाण्यात सोडा.

गळ लागण्याची वेळ येऊ नये, पण येते. कुत्र्याला लोखंड दिसत नाही, कोळंबीचा वास येतो. गळ उघडे ठेवू नका, डबीला झाकण हवंच, आणि कुत्रा सोबत असेल त्या दिवशी गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासे थोडे सुटतील, सुटू द्या. ओठात किंवा पंजात गळ रुतला तर ओढू नका. दुखणारा कुत्रा घरच्या माणसालाही चावतो, म्हणून मऊ फडक्याने तोंड सैलसर बांधा, पण त्याला धाप लागली असेल, तो ओकत असेल किंवा गळ तोंडातच असेल तर तेही नको. तंगूस थोडं लांब ठेवून कापा आणि डॉक्टरकडे न्या. गिळला असेल तर बाहेर लोंबणारं तंगूस खेचायचं नाही आणि तोंडाशी कापायचंही नाही. लांब ठेवून गळपट्ट्याला सैल बांधून टाका, डॉक्टरांना गळ शोधायला त्याचा उपयोग होतो. उलटी काढू नका, भाकरी-केळं खायला घालून 'खाली उतरेल' अशी वाट बघू नका. सरळ एक्स-रे. गळाइतकंच तंगूसही वाईट, आतड्यात अडकून ते आतडं कापत जातं. काठावर तुटून पडलेलं तंगूस म्हणूनच गोळा करून घरी न्या.

किनाऱ्यावर, गुहागरला किंवा वेळासला न्यायचा विचार आला तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये पट्टा अजिबात सोडू नका. ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात आणि कुत्र्याच्या नाकापुढे ती लपत नाहीत. वेळासला २००२ सालापासून 'सह्याद्री निसर्ग मित्र' आणि गावकऱ्यांनी घरटी राखली आहेत. आपल्या लाडक्याने एका सकाळी ती उकरू नयेत.

ब्रुनोचं वय लक्षात घ्या. सव्वा वर्ष म्हणजे ऐन टारगटपणाचा काळ, काल येत होतं ते आज विसरल्यासारखं करतो. दोन वर्षांचा होईतो बराच निवळेल. तरीही काही कुत्रे खाडीवर रमतच नाहीत. महिनोन्‌महिने शिकवूनही तो गोणपाटावर थरथरतच बसत असेल तर हट्ट करू नका, त्याला फिरायला न्या आणि गरवायला एकटे जा.

होडीचं आत्ता डोक्यातून काढा. काठावर मासा लागला असताना जो दोन तास पडून राहतो, त्यालाच होडीत घ्यायचं, तेही आधी बांधलेल्या, हलत्या होडीत नुसतं बसवून, अंगात लाइफ जॅकेट घालून. लहान होडीत तीस किलो एका बाजूला उडी मारतात तेव्हा पाण्यात एकटा ब्रुनो पडत नाही, आणि ते पाणी वाशिष्ठीचं आहे. पाऊस सरल्यावर पुन्हा लिहा, गोणपाटावर किती वेळ टिकतो तेवढं कळवा, मग होडीचं बोलू.